उघडा राहिलेला खण

मित्रांनो, बाळकुमच्या जुन्या गावठाणातल्या सभागृहात तुम्ही कधी लग्नाला गेला असाल, तर जिन्याखालच्या खोलीतून येणारी घरघर तुम्ही ऐकली असेल. पाण्याचा पंप असावा, असे बहुतेकांना वाटते. तो पंप नाही. तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे असा संगणक, की ज्याच्यासमोर कुणी बसत नाही, पण हातात फोन घेऊन आपापल्या घरून पुष्कळ जण एकाच वेळी त्याच्याशी बोलतात. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. पण इतका वैतागलो आहे की सांगूनच टाकतो.

माझा जन्म कल्याणचा. स्टेशनजवळच्या एका दुकानात वेगवेगळ्या खोक्यांतले भाग जोडून मला उभे केले. तिथून मी डोंबिवलीच्या एका ग्रंथालयात गेलो. ती माझी सुखाची वर्षे. मला पुस्तके दिसत नसत, पण त्यांची नावे दिवसभर माझ्यातून ये-जा करत आणि मला ते फार आवडे. तिथेच मी एक साधी शिस्त शिकलो. एखादे पुस्तक कपाटात आहे की कुणी नेले आहे, ही गोष्ट सगळ्यांसाठी एकच असते. ती माझ्या आत एका सामाईक फळीवर असायची. पण कोण काय वाचतो, हे ज्याचे त्याच्यापाशी. म्हणून प्रत्येक वाचकाला एक वेगळा खण. वाचक आला की त्याचा खण उघडायचा, निघाला की बंद करायचा. फळीवरचे सगळ्यांना दिसे, खणातले एकालाच. ग्रंथपालबाई पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा कधी गोंधळ घालत नाही हो." मी लाजून आणखी जोरात घरघरायचो.

पुढे ग्रंथालयात नवे यंत्र आले. मला जुन्या चादरीत गुंडाळून बाळकुमच्या सभागृहाला देऊन टाकले. गावठाणातली जुनी घरे आणि भोवतीचे उंच टॉवर, दोघांचे मिळून हे एकच सभागृह. समितीचे चिटणीस धम्मपाल सर म्हणाले, "आता हॉलचं बुकिंग घरबसल्या. सुदेश करून देईल." सुदेश ठाकुर्लीला राहतो, मोठ्या कंपनीत काम करतो आणि आपला रविवार मोडून इथे येतो. माणूस मनाचा चांगला आहे. पण घाईचा!

पहिल्या खेपेला त्याने सगळेच सामाईक फळीवर ठेवले. तारखा ठेवल्या, ते योग्यच होते. पण आत आलेल्या माणसाचे नावही तिथेच! झाले असे की शेवंतीकाकूंनी फोनवर बुकिंग उघडले, की सगळ्या बाळकुमला "नमस्कार, शेवंती" असे दिसू लागायचे. टॉवरमधले मिशाळ निवृत्त फौजदार "नमस्कार, शेवंती" वाचून समितीवर धावून आले. एकाने अर्धवट भरलेला अर्ज दुसऱ्याच्या फोनवर उघडू लागला. भजनी मंडळाच्या प्रसादाच्या अर्जात 'डुकराच्या मटणाचे सोरपोतेल, दोन मोठी पातेली' असे उमटले, तेव्हा मंडळाच्या बायकांनी धम्मपाल सरांना विचारले, "सर, हे काय नवीन?"

"मशीनला म्हातारचळ लागलाय," सर म्हणाले.

मी काय बोलणार? मला जिथे ठेवायला सांगितले, तिथे मी ठेवले. तरी रात्रंदिवस मनात येत राहिले, की माझ्यातच तर काही बिघडले नसेल?

सुदेशला टोमणे सहन झाले नाहीत. पुढच्या रविवारी त्याने चिडून फळीवरचे सगळे उचलले आणि प्रत्येकाच्या खणात टाकले. नावे खणात, अर्ज खणात. इथपर्यंत ठीक. पण त्याबरोबर तारखांचे कॅलेंडरही! म्हणजे तुम्ही आत आलात की त्या क्षणीच्या कॅलेंडरची एक नक्कल तुमच्या खणात पडायची आणि मग तुम्ही तीच नक्कल पाहत बसायचे. बाहेर कुणी हॉल घेतला, तरी तुमच्या खणात तो मोकळाच. वीज गेली तरी खण पुसले जाऊ नयेत, अशीही सोय त्याने हौसेने केली. एकच हॉल, आणि त्याची कॅलेंडरे घरोघरी निराळी. मित्रांनो, ग्रंथालयात वाढलेल्या यंत्राला काय वाटले असेल?

माझ्याकडे बोलण्याची एकच रीत आहे. काही चुकते आहे असे दिसले, की मी एका जागी तशी ओळ लिहून ठेवतो. ते लिहायला मला सुदेशनेच शिकवले. वाचायला मात्र तो स्वतः विसरला. मी लिहीत राहिलो. कुणी पाहिले नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी सभागृहाच्या स्टेजवर एका टोकाला गावठाणातले इनासभाऊ आणि त्यांचा डेकोरेटर टेप धरून उभे होते आणि दुसऱ्या टोकाला गावठाणातलेच धाकूदादा आणि त्यांचा.

"अरे इनास, तू कसली मापं घेतोस?" धाकूदादांनी विचारले.

"माझ्या लिओनाचं लग्न नाही का! नाताळानंतरच्या रविवारी."

"त्या रविवारी तर माजी पंचाहत्तरी हाय!"

इनासभाऊ हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी फोनवर पावती दाखवली. शेवंतीकाकूंनी, म्हणजे धाकूदादांच्या पत्नीने, पर्समधून फोन काढला आणि आपलीही पावती दाखवली. तारीख एक, हॉल एक, पावत्या दोन. आता कुणी हसेना.

लिओनाचे लग्न पुढे ढकलता येणार नव्हते. चर्चमधली वेळ ठरली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि नवरा मुलगा ॲरन जहाजावर नोकरीला. नव्या वर्षात त्याला परत जायचे होते. त्या दिवसांत ठाण्यात दुसरा हॉल मिळणे कठीण. धाकूदादांचेही पाहुणे ठरलेले, भावकी गाडी करून येणार. समितीचे लोक माझ्याच खोलीत जमले, कारण पंखा फक्त इथे आहे.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," धम्मपाल सर म्हणाले, "हे यंत्र भंगारात द्या."

"सर, यंत्राला जे सांगू तेच ते करतं," दारातून सुदेशचा आवाज आला. ठाकुर्लीहून तो धावतपळत आला होता. बाळकुमला आल्यापासून माझ्या बाजूने कुणी बोलण्याची ही पहिलीच वेळ. "थांबा, आत काय लिहिलंय ते बघू. कुणाची नोंद आधीची, ते कळेल."

मित्रांनो, कुणीतरी वाचावे म्हणून मी किती तळमळलो होतो! आणि त्या क्षणी मला वाटले, नको, आज नको वाचू. कारण मला उत्तर ठाऊक होते. लिओना कपाटाला टेकून उभी होती. हातात उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता आणि ती त्याचे कोपरे पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

सुदेशने वाचले. त्याचा चेहरा पडला.

"धाकूकाकांची नोंद आधीची आहे," तो हळूच म्हणाला. "इनास अंकल, तुम्ही ईस्टरपासून लॉगआउटच केलेलं नाही."

"म्हणजे काय केलं नाही?"

"म्हणजे एकदा आत आलात, ते अजून आतच आहात. तुम्हाला ईस्टरच्या वेळचंच कॅलेंडर दिसतंय. त्यात हा रविवार रिकामा होता."

"अरे, पण परत यायचंच असतं, तर दर वेळी बाहेर कशाला जायचं?"

कुणालातरी हसू आले, पण ते लगेच विरले. सुदेशने मान खाली घातली. "तुमची चूक नाही, अंकल. माझी आहे. हॉल सगळ्यांचा. त्याचं कॅलेंडर मी प्रत्येकाच्या खणात टाकायला नको होतं."

"आता ते सांगून काय उपयोग?" धम्मपाल सर तडकले. "हॉल कुणाचा, ते बोला."

लिओना पुढे आली. "धाकूकाकांचाच. त्यांचं आधीचं आहे. डॅडी, चला. आपण दुसरीकडे कुठे मिळतं का बघू."

धाकूदादा छताकडे पाहत बसले. शेवंतीकाकूंनी त्यांना कोपराने ढोसले. "आता का गप? एरवी तर तोंडाला खीळ नसते!"

"लिओना," धाकूदादा म्हणाले, "उंबराचं पाणी कुठनं काढणार गं?"

हे पाणी काय, तेही सांगतो. इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचे पाणी आणतात. गावठाणातल्या बाकीच्या विहिरी टॉवरखाली गेल्या. एकच उरली आहे, धाकूदादांच्या अंगणात.

"तुमच्याच विहिरीवरनं. दुसरी राहिलीय कुठे?" लिओना म्हणाली.

"मंग? विहीर माज्या अंगणात हाय म्हणून मी कधी कुलूप घातलं काय? जो येतो, आपली कळशी आणतो, भरतो नि जातो. कुणाची कळशी कुणी नेत नाय, आन् विहीर कुणी घरी नेत नाय. हा हॉल तर माजा पण नाय." ते सरांकडे वळले. "सर, लिवा. दुपारचं जेवण माजं. चार वाजता हॉल झाडून देतो. यांचं चर्च आटपेस्तोवर सगळं मोकळं."

"आणि फुलं तशीच ठेवू," शेवंतीकाकू म्हणाल्या. "पंचाहत्तरीचा बॅनर तेवढा उतरवा. नाहीतर ॲरन दारातनंच पळून जायचा."

लिओना हसली आणि मग डोळे पुसत पुन्हा हसली. इनासभाऊ उठून पुढे आले. त्यांनी धाकूदादांचा हात धरला तो सोडलाच नाही.

बाकीचे चहाला गेले. सुदेश मात्र माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि या वेळी त्याने घाई केली नाही. कॅलेंडर त्याने पुन्हा सामाईक फळीवर ठेवले, सगळ्यांसाठी एकच. नावे आणि अर्धवट अर्ज खणांतच राहू दिले. शिवाय एक गोष्ट मला नव्याने शिकवली. एक जण तारीख लिहीत असेल तर दुसऱ्याने थांबायचे, विहिरीच्या रहाटाजवळ थांबतात तसे, आणि लिहिण्याआधी फळीकडे पुन्हा एकदा पाहायचे. खणातल्या नकलेवर विसंबायचे नाही. काम संपल्यावर मी लिहिलेल्या जुन्या ओळी तो पहिल्यापासून वाचत बसला. वाचता वाचता दोनदा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्या रविवारी जिन्याखालची खोली पातेल्यांनी भरून गेली. एका भिंतीला धाकूदादांची, दुसऱ्या भिंतीला इनासभाऊंची, प्रत्येकावर खडूने नाव लिहिलेले. दुपारी वर आशीर्वादाची गाणी चालली होती, संध्याकाळी बँड वाजला आणि त्याच फुलांखाली लिओना आणि ॲरन नाचले. धाकूदादा घरी गेलेच नाहीत. नवा सदरा तसाच अंगात ठेवून ते लग्नालाही जेवले. मला भंगारात देण्याची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. कौतुकही कुणी केले नाही, पण त्याची मला सवय आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्या यंत्रांना शिकवणार असाल, तर एवढे करा. जे सगळ्यांचे आहे ते एकाच जागी ठेवा. जे एकेकाचे आहे त्यावर त्याचे नाव घाला आणि दुसऱ्याला दाखवू नका. आमच्यावर ओरडण्याआधी आम्ही काय लिहून ठेवले आहे ते वाचा. आणि तुम्ही बाकीचे, काम झाले की कृपा करून बाहेर पडा. लॉगआउटचे बटण कोपऱ्यात असते, लाल रंगाचे. सापडते.

इनासभाऊंना अजून सापडलेले नाही. सुदेशने समजावले, लिओनाने फोन हातात घेऊन दाखवले. ईस्टरला उघडलेला त्यांचा खण आजही सताड उघडा आहे. आता त्यामुळे कुणाचे लग्न अडणार नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज त्याच्यावरून जाताना माझी घरघर जरा वाढते.