पाठ टेकल्यानंतरचे वीस सेकंद

हळ्ळीखेडच्या मंजुश्रीला काहीही सांगितलं की ती आधी नाही म्हणायची आणि मग विचार करायची. हा गुण तिनं बापाकडून उचलला होता. बाप अंकुशराव म्हणजे जत्रेच्या आखाड्यातला जुना पैलवान. त्यानं पट काढला, म्हणजे वाकून समोरच्याचा पाय ओढला, की भलेभले अस्मान बघायचे. पोरगी नीट चालायला लागली तशी त्यानं तिला तोच डाव शिकवला.

पुढं पोरगी ज्युडोत गेली, आणि ज्युडोत नेमकं तेच चालत नाही. उभं असताना कमरेखाली हात लावला की शिक्षा, आणि तीन शिक्षा झाल्या की बाहेर. मागच्या वर्षी कलबुर्गीच्या निवड चाचणीत मंजुश्रीचा हात तीनदा पायाकडं गेला आणि दीड मिनिटात सगळं आटोपलं. टेबलामागं बसलेले निवड करणारे हसले होते. आता ती वीस वर्षांची झाली होती, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती, आणि राज्याच्या ज्युनिअर संघात तिच्या वजनाच्या पोरीला जागा एकच होती.

हुमनाबादला तिला ज्युडो शिकवणारे बसवप्रभु सर भित्रे नव्हते, पण पोळलेले होते. त्यांनी फतवाच काढला, "पाय हा शब्दच विसर. उभ्यानं न्हाई, खाली पडल्यावरबी न्हाई."

"खाली चालतंय की सर. नियमात लिवलंय, मी वाचलंय."

"पंचाला राग आला तर तो कुठं वाचत बसतोय?"

"मग मी वाचून दाखवीन," मंजुश्री म्हणाली. सरांनी कपाळाला हात लावला.

यंदाच्या चाचणीतली शेवटची लढत कलबुर्गीच्या विजयश्रीशी पडली. अंकुशराव पटका बांधून वरच्या सज्जात कठड्याला लागून बसला होता. पहिल्याच मिनिटाला विजयश्रीनं खांद्यावरून फेकायचा डाव टाकला, तो फसला आणि ती पालथी पडली. पालथ्या माणसाचं काय करायचं हे मंजुश्रीला कुणी सांगायला नको होतं. तिनं हात घालून पाय उचलला. सरांचा चेहरा पांढरा पडला. विजयश्रीकडच्यांनी गलका केला, पण दोघी खाली होत्या, पंचानं खेळ चालू ठेवला. मंजुश्रीनं तिला उताणी केलं आणि दोन्ही खांदे गादीला लावले.

"चित झाली," अंकुशराव ओरडला.

आणि मंजुश्री सोडून उठली.

हसू नका. आमच्याकडच्या तालमीत वाढलेलं कुणीही उठलं असतं. पाठ टेकली की कुस्ती संपली, मग पडलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याला दाबून ठेवणं म्हणजे हलकटपणा, हे इथं बाळकडूतच मिळतं. ज्युडोत मात्र पाठ टेकल्यावर मोजायला सुरुवात होते. वीस सेकंद दाबून धरलं तर जिंकलं, तिनं धरलेल्या चार सेकंदांना कुणी विचारत नाही. सरांनी हे शंभरदा सांगितलं होतं. मंजुश्री हात पुढं करून उभी होती तेवढ्यात विजयश्रीनं उठून तिची कॉलर धरली आणि तिलाच आपटली. अर्धा गुण विजयश्रीला गेला.

"हात कामून दिलीस?" सर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

मंजुश्रीला संताप आला, आणि तो कुणाकुणाचा आला हे बघायला वेळ नव्हता. शेवटचं मिनिट उरलं. विजयश्री नुसती वेळ काढू लागली, त्याची तिला शिक्षा बसली, म्हणून तिला पुन्हा डाव टाकणं भाग पडलं. मंजुश्री खुंटा रोवल्यासारखी उभी राहिली. डाव अडला, विजयश्री गुडघ्यांवर गेली, आणि पुन्हा तोच पाय, पुन्हा पाठ.

"चित झाली, सोड पोरी." अंकुशराव उठून उभा राहिला. सात सेकंद झाले. "सोड म्हनायलो न्हवं. लोक बघायलेत."

बारा झाले. खालची पोरगी हिसके देत होती आणि मंजुश्रीला बापाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. घरात ती त्याच्याशी रोज भांडायची, पण आखाड्यातलं त्याचं बोलणं तिनं कधी मोडलं नव्हतं. आज मोडलं. वीस झाले, भोंगा वाजला, तरी तिनं पकड सोडली नाही, पंचानं पाठीवर थाप मारली तेव्हा सोडली.

सरांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं होतं. अंकुशराव मात्र खाली आला तो तोंड पाडून.

"पडलेल्या पोरीला दाबून ठेवलीस. आपल्यात असं करत न्हाईत."

"आपल्यात पोरीला आखाड्यात उतरूबी देत न्हाईत, अप्पा," मंजुश्री म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. "डाव समदे शिकवलाव, अन् जत्रेत मला बायकांत नेऊन बसवलाव. इथं मला खेळायला घेतलं. मी इथल्यासारखीच खेळणार."

 त्या जत्रेत तिचा दंड धरून तिला बायकांत नेऊन बसवणारा अंकुशराव स्वतःच होता. मंजुश्री पट्टा आवळून नाव नोंदवायला टेबलाकडं निघाली.