कुठलाही मुलगा चालेल

"कुठलाही मुलगा चालेल," हेंड्रिक्स म्हणाले. "अगदी डेटच असायला हवी असं नाही. वर्गातला मित्र, शेजारचा कोणी, कोणीही. फक्त मुलगा हवा."

आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, याची त्र्यंबक निमकरांना खात्री वाटेना. ते शाळेच्या ऑफिसात उपमुख्याध्यापकांसमोर टाय बांधून बसले होते. आणि समोरचा चांगला शिकलासवरला, पोक्त माणूस सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाला तोंडावर सांगत होता, की मुलीला नाचायला पाठवा आणि सोबत कुठलाही मुलगा द्या.

"मिस्टर हेंड्रिक्स," ते म्हणाले, "आमच्या घरात हे चालत नाही. आमच्याकडे मुलगी मुलीबरोबर जाते."

हेंड्रिक्सनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

भानगड होती ती प्रॉमची. हायस्कूल संपताना मुलांचा जो मोठा नाच होतो, त्याची. शाळेचा नियम असा, की तिकीट जोडीचंच मिळेल आणि जोडी म्हणजे एक मुलगा, एक मुलगी. एकट्यानं यायची सोय नाही. निमकरांची गिरिजा आणि तिची मैत्रीण केल्सी या दोघींनी मिळून तिकीट मागितलं आणि शाळेनं ते नाकारलं. हे गिरिजानं घरी जेवताना सांगितलं होतं आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

एरवी त्र्यंबकराव भांडायला जाणाऱ्यातले नव्हेत. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयच्या उत्तरेला हार्टवेल नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथे त्यांचं घर. गाड्यांच्या दारांना रबरी पट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीत त्यांची नोकरी. बंद दारावर पाण्याचे फवारे मारायचे आणि आत थेंब येतो का ते बघत बसायचं, हे काम त्यांनी इतकी वर्षं न कुरकुरता केलं. हॉटेलात भलतीच डिश समोर आली तर ती खायची आणि वर वेटरला 'व्हेरी नाइस' म्हणायचं, असा हा माणूस. पोलिसांची गाडी मागे दिसली, की काही गुन्हा केलेला नसतानाही यांना घाम फुटे.

पण गिरिजा नववीत गेली तेव्हा त्यांनी घरात एक नियम केला होता. मुलांबरोबर डान्स वगैरे नाही. मैत्रिणींबरोबर कुठेही जा. पोरीनं तो निमूट पाळला होता. नव्हे, आनंदानं पाळला होता. डेट्रॉइटच्या मराठी मंडळात एकही गणपती असा गेला नसेल, ज्यात त्र्यंबकरावांनी "आमची गिरिजा मुलांच्या वाटेला जात नाही" हे कोणाला तरी ऐकवलं नाही. आता शाळाच म्हणत होती, मुलगा आण. तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा काढून ते तडक इथे आले होते.

"तुम्ही काय मागताय, याची तुम्हाला पूर्ण कल्पना आहे ना?" हेंड्रिक्सनी विचारलं.

"पूर्ण. केल्सीला मी चांगला ओळखतो. नेहमी आमच्याकडे जेवायला असते. प्रेमळ आहे, प्रामाणिक आहे. माझ्या मुलीला तिच्याहून चांगली सोबत मिळणार नाही."

हेंड्रिक्सनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "खरं सांगू? या खुर्चीत बसून असं बोलणारा बाप मी आजवर पाहिला नाही."

त्र्यंबकरावांना ते कौतुक वाटलं. आणि ते कौतुकच होतं.

नियम बदलणं हेंड्रिक्सच्या हातात नव्हतं. ते काम स्कूल बोर्डाचं, म्हणजे निवडून आलेल्या पाच जणांच्या समितीचं. सोमवारी संध्याकाळी बोर्डाची सभा होती आणि तिथे कोणालाही उभं राहून तीन मिनिटं बोलता येत होतं. त्र्यंबकरावांनी जागच्या जागी सांगून टाकलं, की मी बोलेन.

"म्हणे कुठलाही मुलगा चालेल," रात्री जेवताना ते तावातावानं सांगत होते. "मुलगा आहे का कोथिंबिरीची जुडी?"

गिरिजाचा घास हातातच राहिला. "बाबा, तू गेलास? लाइक, स्कूलच्या ऑफिसमध्ये? स्वतः?"

"गेलो म्हणजे? चांगलं सुनावून आलो. सोमवारी बोर्डासमोरपण बोलणार आहे."

"ओ माय गॉड," गिरिजा म्हणाली. ती आधी लाल झाली, मग हसली, मग ताट तसंच ठेवून वर तिच्या खोलीत निघून गेली. पोरगी लाजली, असं त्र्यंबकरावांनी ठरवलं.

"अहो, तुम्ही यात पडू नका," शरयूताई म्हणाल्या.

"का? पोरीच्या हक्काची गोष्ट आहे."

"मी सांगते म्हणून."

"तुझं नेहमीचंच. कशाला कोणाच्या डोळ्यावर या."

शरयूताई काहीतरी बोलणार होत्या. पण नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच एवढं स्फुरण चढलेलं पाहून त्या भांडी आवरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ही हकीकत कुमारनं ऐकली. कुमार आणि त्र्यंबकराव रोज एकाच गाडीतून कामाला जात. आज याची गाडी, उद्या त्याची. कुमारची हिमानी दहावीत होती. "यार, आज तुझ्या पोरीला सांगतायत, दोन वर्षांनी माझ्या हिमानीला सांगतील," कुमार म्हणाला. "मी येतो सोमवारी. आपलं कल्चर आपणच नाही सांभाळायचं तर कोणी?" मग सोमवारपर्यंत त्र्यंबकराव रोज दाढी करताना आरशासमोर भाषण म्हणू लागले. आमच्या संस्कृतीत, अशी त्याची सुरुवात होती.

सोमवारी ते गिरिजाला घेऊन निघाले. एप्रिल लागला होता, तरी शाळेच्या पार्किंगच्या कोपऱ्यांत काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून शिल्लक होते. दारापाशी लोकल चॅनेलची व्हॅन उभी होती. कुमार आधीच येऊन आत गेला होता. त्र्यंबकरावांनी टायची गाठ सारखी केली आणि दार उघडलं.

"बाबा, थांब. आत जाऊ नको."

"अगं, उशीर होतोय."

"आत सगळ्यांना माहितीये. फक्त तुला आणि कुमारकाकाला माहीत नाही. तू ते कल्चरचं बोलशील आणि लोक तुला हसतील. टीव्हीवर. मला ते नको आहे."

"काय माहीत नाही मला?"

गिरिजानं सीटबेल्ट काढला, पुन्हा लावला. "केल्सी माझी नुसती फ्रेंड नाहीये. वी आर टुगेदर. म्हणजे मुलगा आणि मुलगी असतात ना, तसं. म्हणून मला तिच्याबरोबर जायचंय. ॲज माय डेट."

त्र्यंबकरावांनी उघडलेलं दार हळूच ओढून घेतलं. पोरगी थट्टा करते आहे असं त्यांना क्षणभर वाटलं. पण ती हसत नव्हती. दोघी वरच्या खोलीत दार लावून अभ्यास करायच्या, ते त्यांना आठवलं. आणि आंब्याच्या मिल्कशेकचे दोन ग्लास आपणच वर नेऊन देत होतो, हेही आठवलं. मंडळातल्या प्रत्येक माणसासमोर आपण काय मिरवत होतो, ते आठवल्यावर मात्र त्यांचे कान गरम झाले.

"म्हणजे मला फसवलंस."

"मी खोटं नाही बोलले."

"नाही बोललीस. तेच तर."

"तू ऑफिसमध्ये जाशील असं वाटलंच नव्हतं मला. यू नेव्हर कम्प्लेन, बाबा. चुकीची ऑर्डर आली तरी खातोस तू."

"आईला माहीत आहे?"

"डिसेंबरपासून."

बाकी सगळ्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं. घरातल्या दोघी एवढं ओझं घेऊन वावरत होत्या आणि त्यातलं थोडंसं आपल्याला द्यावं असं दोघींपैकी कोणालाही वाटलं नव्हतं. आपण घरात असून नसल्यासारखे होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचा राग कोणावर काढावा ते त्यांना कळेना.

"नसतं सांगितलंस तर मी बोललो असतो," ते म्हणाले. "कदाचित जमलंही असतं तुमचं."

"हो. केल्सी म्हणाली, आजचा दिवस सांगू नको."

"मग का सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते तुला हसले असते."

त्र्यंबकरावांना भीती वाटत होती. नागपूरला स्वतःच्या आईला काय सांगायचं ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती या पोरीची. जिला एका नाचाला जायला पाच अनोळखी माणसांची परवानगी लागते, तिला पुढच्या सगळ्या आयुष्यात कोणाकोणापुढे उभं राहावं लागेल?

"आपण घरी जाऊ शकतो," गिरिजा म्हणाली. "इट्स ओके. खरंच."

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. "कुमार आत एकटाच बसलाय," ते म्हणाले आणि उतरले.

सभागृह भरलेलं होतं. कुमारनं पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी जागा धरली होती. गिरिजा शेवटच्या रांगेत गेली. तिथे केल्सी होती. दोघींनी मधली एक खुर्ची रिकामी सोडली होती. आज शेजारी बसायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलं असावं. केल्सीच्या घरून कोणीच आलेलं नव्हतं. एक बाई उठून म्हणाल्या, की माझी आई याच नियमानं नाचली, मी नाचले, त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षबाईंनी अडखळत अडखळत त्र्यंबकरावांचं नाव वाचलं.

माइकसमोर उभे राहिल्यावर त्यांनी "आमच्या संस्कृतीत" एवढं म्हटलं आणि ते थांबले. आरशासमोर पाठ केलेलं सगळं आता निरुपयोगी होतं.

"मी गिरिजाचा बाप," त्यांनी पुन्हा सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं नेहमीचंच होतं, जपून, शब्द मोजून बोललेलं. "मुलीनं मुलीबरोबर जावं ही आमची पद्धत आहे, असं मी मिस्टर हेंड्रिक्सना सांगितलं होतं. तेच इथे सांगायला आलो होतो. तेव्हा मला सगळं माहीत नव्हतं. आता बाहेर गाडीत मुलीनं सांगितलं."

खुर्च्यांचे आवाज थांबले. कॅमेरा त्यांच्याकडे वळला.

"मला ते समजलं, असं मी म्हणणार नाही. मला वेळ लागेल. ती गप्प राहिली असती तर माझ्या भाषणाचा तिला फायदाच झाला असता. पण माझं हसं होऊ नये म्हणून तिनं सांगितलं. अशी माझी मुलगी आहे. आणि केल्सीबद्दल मी त्या दिवशी जे बोललो, त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. तेव्हा माझी मागणी तीच आहे. दोघींना जाऊ द्या."

दोन मिनिटं शिल्लक असताना ते परत आले. कुमार हातातला सभेचा कागद वाचत होता. "मला उद्या जरा लवकर निघायचंय," तो कागदातून मान वर न करता म्हणाला. "तू तुझा ये." मग तो जाकीट घेऊन बाजूच्या दारानं निघून गेला. त्र्यंबकरावांनी त्याला अडवलं नाही. इतक्या वर्षांची सोबत अशी एका वाक्यात सुटते, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मतदान हात वर करून झालं. नियम राहावा म्हणणारे तिघं निघाले, बदलावा म्हणणारे दोघं. अध्यक्षबाई स्वतः त्या दोघांत होत्या. त्या म्हणाल्या, की पुढच्या वर्षी या विषयाचा पुन्हा विचार करू. पुढच्या वर्षी या दोघी शाळेत असणार नव्हत्या.

लोक उठू लागले. त्र्यंबकराव गर्दीतून वाट काढत मागे आले. गिरिजा तोंडावर हात धरून आवाज न करता रडत होती. केल्सी मधल्या रिकाम्या खुर्चीत सरकली होती आणि तिनं गिरिजाच्या पाठीवर ठेवायला हात उचलला होता. त्र्यंबकरावांना पाहताच तो हात तसाच अर्ध्यावर राहिला.

"मी गाडी दारापाशी आणतो," ते म्हणाले. "सावकाश या. केल्सीलाही घरी सोडू." हे सगळं त्यांनी केल्सीला इंग्रजीत पुन्हा सांगितलं आणि ते वळून चालू लागले.

बाहेर चांगलीच थंडी होती. गाडीत बसल्यावर त्यांना रडू आलं. मतदान हरल्याचं होतं, कुमारचं होतं, आणि डिसेंबरपासून पोरगी आपल्याला घाबरत होती याचं सगळ्यात जास्त होतं. त्यांनी ते येऊ दिलं. मग डोळे पुसून गाडी दारापाशी आणली.

दोघी हात धरून बाहेर आल्या आणि दिव्याखाली आल्यावर त्यांनी हात सोडले. एरवी पुढची जागा रिकामी ठेवून सगळे मागे बसले, तर त्र्यंबकराव चिडत. मी काय तुमचा ड्रायव्हर आहे का, म्हणत. आज त्यांनी अंगातलं जाकीट काढलं, घडी घातली आणि शेजारच्या सीटवर नीट ठेवलं.

गिरिजानं सवयीनं पुढचं दार उघडलं. तिनं जाकिटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मागे बस," ते म्हणाले. "दोघी मागे बसा."