निकषात न बसणारी माणसं आणि मी

मित्रांनो, ही डब्याची पिशवी जरा उचला, म्हणजे खाली मी दिसेन. मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. सुताराने रंधा फिरवला तेव्हा माझे कुरळे केस त्याच्या पायाशी गळून पडले. ते त्याच्या लेकीने वेणीत माळले. मी मात्र कचेरीत आले.

कुठल्या महागड्या उपचाराला सरकारी पैसा द्यायचा, हे इथली समिती ठरवते. एक खुर्ची रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाची, असा नियम. ती मी. पण बोलावणं कोणाला जातच नसे. हिशेबनीस माझ्यावर डबा ठेवत आणि म्हणत, "खुर्ची रिकामी नको!"

बैठकीत एक वाक्य सारखं कानी येई, "निकषात बसत नाही." मला वाटे, निकष ही माझीच कोणी बहीण असेल. बिचारीवर कोणी बसत नाही.

एकदा एक आई दार लोटून आत आली. तिच्या लेकीचे स्नायू दिवसेंदिवस सैल पडत होते. औषध होतं, पण भलतंच महाग; त्याचाच अर्ज त्या दिवशी समितीपुढे होता. तिने डबा उचलून हिशेबनिसांच्या हातात दिला आणि ती बसली. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या हातांत मुरला.

"ताई, हे औषध निकषात बसत..." अध्यक्ष डॉक्टरबाई अडखळल्या.

"मी बसलेय ना. माझ्याकडे बघून सांगा."

बाईंनी चष्मा काढला. "तर ऐका. या औषधाने पोर चालेल असं नाही. दुखणं वाढायचं थोडं लांबणीवर पडेल, तेही कदाचित. तेवढ्याच पैशात तीन गावांत डायलिसिसची यंत्रं बसतील. तिथली माणसं आज वाटेतच दगावतात. म्हणून यंदा नाही. हे मी म्हणतेय, निकष नाही."

हिशेबनीस डबा छातीशी धरून उभेच होते.

"किंमत उतरली तर?"

"पुन्हा विचार करू. तुम्हाला बोलावून."

"याच खुर्चीत?"

"याच."

आई रडली. पण जाताना मला नीट टेबलाखाली सरकवून गेली.

पुढे यंत्रं बसली. बाई निवृत्त झाल्या, आणि डबा परत आला.

मुलांनो, पैसा पुरत नाही तेव्हा कोणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं. मोठेपणी तुमच्यावरही ती वेळ येईल. तेव्हा माणसाला समोर बसवून म्हणा.

औषधाची किंमत उतरल्याचं काल इथेच बोलत होते. त्या आईला बोलावणं धाडायला सांगा कोणीतरी. आणि तेवढा डबा उचला.