हळदीच्या फडक्यावरचा डाग

वखारीच्या दारात चपलांचा एवढा ढीग होता की आपला जोड परत मिळेल का, हीच चिंता मला आधी लागली. हायवेच्या पलीकडे, निपाणीच्या शिवेवर ही जुनी वखार आहे. तंबाखू तिथून केव्हाच गेली, वास मात्र भिंतींत राहिला. त्या वासात दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका पिवळ्या फडक्यावर होते.

हळदीत भिजवलेलं ते ओलसर फडकं चिकोडीकडच्या एका शेतकऱ्यानं छातीच्या डाव्या बाजूला तळहातानं दाबून धरलं होतं. समोर गादीवर पट्टीवाले महाराज डोळे मिटून पुटपुटत होते. एकदम त्यांनी फडकं ओढून घेतलं आणि हवेत उलगडलं. पिवळ्यावर लालभडक पंजा उमटला होता.

बायकांनी तोंडावर पदर घेतले.

"काळजातलं सडकं रगात हाय ह्ये," महाराज म्हणाले. "सुई टोचली न्हाय, कातडं फाडलं न्हाय. पट्टीनं वढून घेतलं. काळीज म्हंजे चार खोल्यांचं घर. चार खोल्यांस्नी चार दारं. तुझं एक दार मोडलंय, बाबा. बेळगावला जाशील तर घर पाडून दार बसिवतील. मी घर न पाडता बसिवतो. तीन खेपा ये. तिसऱ्या खेपेला पट्टी साफ आली की दार बसलं म्हणून समज. आनि मग त्या घराला लोखंड लावू द्यायचं न्हाय."

चार खोल्या आणि दारं ऐकून मी पुढं सरकून बसलो. आदल्याच दिवशी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला हेच शब्द वापरून समजावलं होतं.

मी तिथं कसा पोचलो हे सांगायला संकोच वाटतो. एकतीस वर्षं मी गावच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. अंधश्रद्धेवरची पुस्तकं वेगळ्या कपाटात लावली, ती मी स्वतः वाचलेली. पण बस स्टँडच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, बेळगावला नेलं, छातीला नळी लावून डॉक्टरीणबाईंनी दोन-दोनदा ऐकलं, आणि वाचलेलं सगळं कुठंतरी मागं सरकलं. एको झाला, म्हणजे छातीवर यंत्र फिरवून हृदय बघितलं. मग घशातून नळी उतरवून आतून चित्रं काढली. "एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागं गळतं," त्या म्हणाल्या. "शिवून भागेल की बदलावी लागेल, ते मोठे डॉक्टर बुधवारी येतात, ते चित्रं बघून सांगतील. फोन करू. गोळ्या चुकवू नका."

बुधवारला सहा दिवस होते. सहा दिवस माणसानं काय करायचं? मी नाडी मोजायचो, तीसच्या पुढं गोंधळायचो, परत पहिल्यापासून मोजायचो. फोन उशाशी, फोन खिशात, फोन देवळीत, आणि परत खिशात. पुस्तक उघडलं तर एकाच ओळीवर चार वेळा यायचो. शेवटी बायको, शालू, म्हणाली, "अहो, बसून तरी राहा. तुमच्या फेऱ्यांनी मलाच चक्कर यायला लागली."

तेवढ्यात तिचा भाऊ भरमू आला. भरमू गावातल्या दुसऱ्या एका वखारीत पोती उचलतो, आवाजही पोती टाकल्यासारखाच. "दाजी, शुक्रवार हाय. महाराजांकडं चला. ही आपली शेजारीण अंबूबाई तिसऱ्या खेपेला चाललीया. तिचं बी दारच मोडलंय न्हवं?"

अंबूबाई आमच्या शेजारी पडवीत बसून विड्या वळते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, तेव्हापासून तिच्या झडपेचं तोंड आकसलेलं आहे आणि दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. पुढच्या गुरुवारी तिला बेळगावला दाखल व्हायचं होतं. तारीख मिळायला तिला पाच महिने लागले होते.

जायला नको, हे मला कळत होतं. पण नको म्हणण्याइतका धीरही हवा. मी गेलो.

महाराजांच्या गादीची एक रीत होती. आमच्या भागात ती कुणाला विचित्र वाटत नाही. पहिल्या दोन खेपांना रोग्यानं नैवेद्याची तंबाखू आपल्या हातानं मळायची. दारातला शिष्य तळहातावर चिमूटभर तंबाखू टाकतो, वर चुना लावतो, रोगी अंगठ्यानं मळतो आणि पितळी ताटात ठेवतो. मग लगेच पट्टी. तिसऱ्या खेपेला तंबाखू नाही. लिंबू पिळलेल्या तीर्थात हात बुडवायचे, मग पट्टी.

अंबूबाईनं हात बुडवले, पट्टी धरली. पट्टी पिवळीच्या पिवळी निघाली. वखारीत टाळ्या पडल्या. अंबूबाई रडत होती, हसतही होती.

मग माझा नंबर आला. शिष्यानं तंबाखू पुढं केली. मी जन्मात तंबाखू मळलेली नाही. एवढ्या लोकांसमोर ती मला तळहातावर सावरेना, चुना लावायच्या आधीच अर्धी धोतरावर सांडली. मागून कुणीतरी म्हणालं, "निपाणीत ऱ्हाऊन मळाय येईना व्हय ओ?" भरमू पुढं सरकला. "आणा हिकडं. दाजींच्या वतीनं मीच मळतो," म्हणाला, आणि दोन रगड्यांत मळून ताटात टाकली.

मी पट्टी छातीशी धरली. महाराजांनी ओढली, उलगडली.

साफ पिवळी.

महाराजांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, हे मी पाहिलं. पण माणूस हुशार होता. "बघा," ते सावरून म्हणाले. "ह्या मानसाच्या काळजात खोटच न्हाय. डॉक्टर खोटं बोलल्याला. जावा घरी, गोळ्या टाका उकिरड्यावर."

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतका, की घरी येताना मी पायऱ्या चढून पाहिल्या. दम लागला. तरी मनाला म्हटलं, आनंदानं लागला असेल. त्या रात्री मी झोपलो, आणि गोळी घेतली नाही.

रविवारी शालूनं कपडे धुतले. महाराजांनी प्रसाद म्हणून दिलेलं माझं फडकंही तिनं साबणात टाकलं आणि हातातलं काम टाकून आत आली. ओलं फडकं माझ्यापुढं धरलं. सगळं लालसर-तपकिरी झालं होतं. म्हणाली, "अहो, दोष परत आला की."

मीही घाबरलो. पण लाल रंगाकडं पाहताना दुसरंच काहीतरी आठवलं. लग्नात हळदीचे कपडे साबणात घातले की असेच होतात, हे शालूनं आयुष्यभर पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. लहानपणी आमच्या मावशी घरीच हळदीला चुना लावून कुंकू करायच्या, तेही आठवलं. पण आपल्याच काळजाची गोष्ट आली की पाहिलेलं उपयोगाला येत नाही.

तरी मला खात्री नव्हती. मी कपाटातली हळद पाण्यात कालवली, जुन्या धोतराचा तुकडा बुडवला. भरमू तेव्हाच तंबाखू मळत दारातून आत आला.

"भरमू, जरा हे धर."

"काय हाय ह्ये?" त्यानं तंबाखू ओठात सारली आणि दोन बोटांत फडकं धरलं. अंगठ्याखाली लाल डाग उमटला, बघता बघता पसरला.

बैलासारखा माणूस, मटकन खाली बसला. "दाजी, माझं बी दार गेलं?"

"अरे, तुझ्या बोटावरचा चुना आहे तो. हळदीला चुना लागला की ती लाल होते. लिंबानं परत पिवळी." मी लिंबू आणून डागावर पिळलं. डाग पिवळा झाला.

भरमूनं डबीतून चुना काढून परत लावला. लाल. लिंबू. पिवळा. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे तुमची पट्टी साफ आली, ती मी मळली म्हणून?"

"होय."

"मग अंबूबाईची?"

दोघांनी दाराकडं पाहिलं. पडवीतून कात्रीचा आवाज येत होता. अंबूबाई विडीची पानं कापत होती. तिनं बेळगावची दाखल व्हायची चिठ्ठी चुलीत घातल्याचं शालूनं सकाळीच सांगितलं होतं.

मी तिच्याकडं गेलो. बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखा अडखळलो. हळद, चुना, रसायन असं काहीतरी बडबडलो.

"आण्णा," ती कात्री न थांबवता म्हणाली, "तुमची पट्टी पयल्या खेपेला साफ आली. माझी तिसऱ्या. तुमचं चालतंय, आनि माझं खोटं?"

"माझंही खोटं आहे."

"मग तिथं जाऊन सांगा की. माझ्यापाशी सांगून काय."

बरोबरच होतं तिचं. मंगळवारी परत गादी होती, तेव्हा मी गेलो. रविवारपासून दोन दिवस काही खाल्लं गेलं नाही, कारण मला दोन भीती एकदम वाटत होत्या. एक, माणसांसमोर बोलायची. दुसरी लाजिरवाणी होती. ती पट्टी खोटी ठरली की माझ्याकडं फक्त बुधवार उरणार होता.

वखारीत मी मागच्या रांगेत उभा राहिलो आणि उभाच राहिलो. भरमू मात्र रोग्यांच्या रांगेत शिरला. त्यानं तंबाखू मळली, पट्टी घेतली आणि छातीऐवजी गुडघ्यावर दाबली. मग स्वतःच उलगडली. गुडघ्याच्या जागी लाल पंजा.

"महाराज," तो म्हणाला, "काळीज गुडघ्यात बी असतंय व्हय?"

मागं कुणीतरी खिदळलं. मग दहा जण.

"गादीची चेष्टा करतोस?" महाराज गरजले. "रगत गुडघ्यात बी असतंय. तुझ्या गुडघ्यात वात हाय."

"मग आमच्या शालूआक्काच्या उंबऱ्याला बी वात हाय. काल तिथं बी लावून बघितली."

महाराजांची नजर गर्दीवरून फिरून माझ्यावर थांबली. त्यांनी हात जोडले, आवाज मऊ केला. "पुस्तकवाले आण्णा हायत न्हवं तुमी? तुमचं काळीज साफ निघालं, शंभर मानसांनी बघितलं. आता तुमीच सांगा. ती पट्टी बी खोटी म्हणायची? का तुमास्नी आजारीच ऱ्हायाचं हाय?"

सगळे वळून बघायला लागले. खोटी म्हटलं की आशा संपली, आणि खरी म्हणणं फार सोपं होतं.

"खोटी," मी म्हणालो. आवाज बारीक आला, म्हणून परत म्हणालो. "माझी पट्टी खोटी. मी तंबाखू मळली नव्हती. माझ्या हाताला चुना लागला नव्हता. माझी झडप गळते. मला अजून दम लागतो."

मग बायकांतून अंबूबाई उठली, मी खरंच सांगतो का हे बघायला तीही आली होती. तिनं चिकोडीच्या शेतकऱ्याचं फडकं त्याच्या हातातून घेतलं. आज त्याची दुसरी खेप होती, फडकं लाल होतं. तिनं ते बोटांत धरून उलटं केलं, जसं ती विडीचं पान उलटं करून शीर बघते.

"महाराज," ती म्हणाली, "हिकडची बाजू छातीला हुती. हिकडं डाग फिकट. हात हुता तिकडं लालभडक. काळजातनं रगात आलं, तर आतनं यायला पायजे की. बाहेरनं कसं आलं?"

शिष्यानं घाईनं चुन्याचं भांडं उचललं, तेवढं त्याचं चुकलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

सगळे शहाणे झाले, असं मी लिहिणार नाही. काहीजण भरमूवर धावून गेले, काहीजण गादीपुढं बसूनच राहिले. चिकोडीचा शेतकरी फडकं घेऊन दारात किती तरी वेळ उभा होता, कधी एक बाजू बघत, कधी दुसरी. पुढच्या शुक्रवारी चपलांचा ढीग बराच लहान होता असं भरमू सांगतो. मी ते पाहायला नव्हतो.

बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला. शिवून भागणार नाही, झडप बदलावी लागेल. फोन ठेवल्यावर मी नाडी मोजली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. माहीत नसण्याचे सहा दिवस या उत्तरापेक्षा जड होते.

गुरुवारी सकाळी बेळगावच्या एसटीत अंबूबाई खिडकीशी, मी शेजारी, तिच्या सोबतीला आणि माझी तारीख घ्यायला. तिची चिठ्ठी जळाली होती, पण डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की नाव यादीत आहे, या. संकेश्वर मागं पडल्यावर ती म्हणाली, "आण्णा, भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"मला बी." थोड्या वेळानं म्हणाली, "पट्टी साफ आली तवा वाटत नव्हतं. लई बरं हुतं ते."

ती खरं बोलत होती, आणि फसवणारा तेवढं बरं वाटणंच विकत असतो.

मी शंकेखोर माणूस आहे, स्वतःबद्दल तर फारच. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. घरात हळद आहे, पानाच्या टपरीवर चुना मिळतो, लिंबू मिळतं. करून बघा, शेजाऱ्याला दाखवा, जो कुणी पट्टीच्या रांगेत उभा असेल त्याला आधी दाखवा. गोळी चुकवू नका, इंजेक्शनची तारीख चुकवू नका, आणि निकालाचे दिवस जात नसतील तर कुणाला तरी बरोबर घेऊन बसा. आणि कुणी तुमच्या काळजातला डाग काढून दाखवला, तर अंबूबाईसारखं फडकं हातात घ्या आणि उलटं करून बघा.