गोपिकाबाईंचं नाव मी पुसलं

मी कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणण्यापेक्षा कबूल करतोय म्हणा. तळेगावात मनोहररावांच्या घरी, मधल्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यांशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

माझी उमेदीची वर्षं वर्ध्याच्या एका शिकवणीवर्गात गेली. तिथल्या पोरांनी माझी बटणं झिजवली आणि नवी मशीनं आली तशी मला कोपरा दाखवला. मनोहररावांच्या मुलाने, आदेशने, बायकोसाठी मला तिथून आणलं. जयाने पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली आणि जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. एवढा मान मला कोणी दिला नव्हता, म्हणून तर लाज जास्त वाटते.

घर भाजीपाला पिकवणारं. जयाच्या सासूबाई, गोपिकाबाई, वीस वर्षांपासून एका वांग्याचं बी राखतात. हिरवट, जांभळ्या रेघांचं, अळीला फारसं न जुमानणारं वांगं. चांगल्या झाडाला त्या लाल चिंधी बांधतात, आणि चिंधीच्या झाडाचं फळ तोडायची घरात कोणाची हिंमत नाही. या वाणाची नोंद सरकारदरबारी सासूच्या नावाने व्हावी, हे जयाने मनावर घेतलं. तीन हंगाम ती झाडांचे फोटो माझ्यात टाकत आली. प्रत्येकाला तारीख आणि सरीचा नंबर द्यायची, मग मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून तिथले पुसून टाकायची. सगळी भिस्त माझ्यावर होती.

आणि मी काय करत होतो? उन्हाळ्यातच माझ्या डिस्कवरच्या काही जागा निकामी झाल्या होत्या. त्या टाळून मी गपचूप पुढे लिहीत राहिलो. आपलं दुखणं लपवण्यात माणसं पटाईत असतात. त्यांच्या संगतीत मीही शिकलो.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता अपडेट आपोआप सुरू झालं. घरची मंडळी अंगणात विळे, खुरपी, फवारणीचा पंप धूत होती. अपडेट लिहिताना माझा हात नेमका त्या निकामी जागांवर पडला आणि कुठली फाईल कुठे ठेवली याची माझी नोंदच बिघडली. नऊ वीसला अपडेट संपलं, पडदा विझला. जे व्हायचं ते तोवर होऊन गेलं होतं.

साडेदहाला गोपिकाबाई हळदकुंकू घेऊन आल्या. माझा बारका दिवा लुकलुकत होता.

“आज अवजाराले राबवत नसते बापा. तुले बी आराम,” असं म्हणत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मला झेंडूचं फूल वाहिलं.

दसऱ्याला जयाने मला सुरू केलं तर निळा पडदा. आर्वीहून भूपेंद्र दुरुस्तीवाला आला.

“फाईल सिस्टिम करप्ट झाली वहिनी. अपडेट झालेलं दिसते. मधातच बंद केलं का कोणी?”

गोपिकाबाई दारातच उभ्या होत्या. “म्या केलं. पूजेसाठी.”

“मंग तेच झालं.” उचलली जीभ लावली टाळ्याला. किती वाजता काय घडलं, हे त्याने तपासलं नाही.

“तुले कोणं सांगतलं होतं त्याले हात लावाले?” मनोहरराव म्हणाले. मला बोलायचं होतं, पण मला तोंड कुठलं.

भूपेंद्रने दुपारभर डिस्क तपासून मला कसंबसं सुरू केलं आणि फोटो बाहेर काढले, पण त्यांची नावं आणि तारखा गेल्या होत्या. सहाशे चाळीस फोटो, सगळे नुसते नंबर लागलेले. जयाने डोक्याला हात लावला.

तेव्हा गोपिकाबाई स्टूल घेऊन तिच्या बाजूला बसल्या. “हे पाचव्या सरीतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. तुह्ये माहेरचे आलते ना तवाचं.” जया कॅलेंडर पाहून तारीख लिहायची. आठ दिवसांत त्या माउलीने सारी झाडं ओळखली. चौदा फोटो तेवढे राहिले, त्यांच्यासाठी त्यांनी माझी माफी मागितली. माझी!

काल जयाने अर्ज टाइप केला.

“माह्यं नाव कुठं हाय त्यात?” गोपिकाबाईंनी विचारलं. जयाने बोट ठेवून दाखवलं.

“काढ ते.”

“काऊन आई?”

“जिनं सारं मातीत घातलं तिचं नाव कायले पाह्यजे? तुह्यं टाक. मेहनत तुही हाय.”

“तुमी मुद्दाम थोडी केलं,” जया म्हणाली. म्हणजे केलं त्यांनीच, असं तिलाही वाटतं. बराच वेळ नाही-हो झालं, सासूबाई उठून गेल्या, आणि शेवटी जयाने बटण दाबलं. एकेक अक्षर मी माझ्या हाताने पुसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दिवाळीनंतर नवी डिस्क येणार आहे आणि ही भंगारात जाईल. जाऊ दे, तीच तिची लायकी. पण माझ्यात प्रत्येक बिघाडाची वेळ लिहिलेली एक यादी असते, आणि तिच्यात मी खोटं लिहू शकत नाही. बिघाड सव्वानऊचा आहे. बटण साडेदहाला बंद झालं.

जया, अर्ज सोमवारी वर्ध्याला जाणार आहे. त्याआधी ती यादी एकदा उघड, आणि आईंना जवळ बसवून मोठ्याने वाच.