नाही-वही

"बाई, कुपन उलटं धरलंय तुम्ही. शिक्का मागच्या बाजूला असतो."

वाढप्याने असं म्हटल्यावर बाईंनी हातातल्या कुपनाकडे पाहिलं आणि रांगेत तिथेच थबकल्या. निळ्या शाईत लिहिलं होतं, 'भाषणांऐवजी प्रत्येकाने आपापली नाही-वही आणावी आणि'. पुढचं वाक्य कात्रीखाली गेलं होतं. अक्षर मात्र ओळखायला कुणाची गरज नव्हती. एकतीस वर्षं ग्रंथालयाची कार्डं लिहून घोटलेलं, ठसठशीत, त्यांचंच अक्षर होतं ते.

ग्रंथपालांच्या वार्षिक परिषदेचा पहिला दिवस होता. सकाळपासून तीन पाहुण्यांची चार भाषणं झाली होती, कारण एका पाहुण्यांना एकदा बोलून समाधान झालं नव्हतं. परिषद संपताना दर वर्षी एक फॉर्म मिळे: 'परिषद अधिक उपयुक्त व्हावी यासाठी आपल्या सूचना'. बहुतेक जण 'उत्तम' असं लिहून चपला शोधायला जात. बाई एकट्या मागे बसून फॉर्म भरत. नऊ वर्षं झाली, एकच सूचना त्या लिहीत होत्या. पहिली दोन वर्षं विनंती म्हणून, मग आठवण म्हणून, आणि गेल्या वर्षी तर अधोरेखित करून. त्या अधोरेखित सूचनेवर आता भात मिळणार होता.

सूचना काही जगावेगळी नव्हती. बाईंच्या शाखा ग्रंथालयात वाचकाने एखादं पुस्तक मागितलं आणि ते नसलं, तर नुसतं 'नाही' म्हणून कुणाला परत पाठवत नसत. वहीत तारीख, नाव आणि मागणी लिहून ठेवत. "हो म्हणता येत नसेल तर निदान लिहून ठेवावं, वाचकाचा मान राहतो," असं आधीच्या ग्रंथपालांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीच नाही-वही. अशी वही बहुतेक ग्रंथालयांत असते, कुणाची कॅलेंडरवर, कुणाची नुसती डोक्यात. बाईंचं म्हणणं एवढंच, की दोनशे ग्रंथपाल वर्षातून एकदा एका छताखाली येतात, तर अर्धा दिवस या वह्या टेबलांवर मांडा. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याच्या कपाटात धूळ खात असेल. याला ना पाहुणा लागतो, ना पुष्पगुच्छ. कदाचित म्हणूनच कुणाला पटत नसावं.

आणि बाईंना घाई होती ती लिफ्टवाल्या आजोबांसाठी. आजोबांनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर ग्रंथालयाचे सभासद झाले आणि एका खलाशाच्या आत्मकथेचा पहिला भाग त्यांच्या हाती लागला. शेवटच्या पानावर जहाज बर्फात रुतलेलं, आत बत्तीस माणसं, आणि खाली छापलेलं 'पहिला भाग समाप्त'. दुसरा भाग ग्रंथालयात नव्हता, दुकानात नव्हता, छापणारे केव्हाच बंद पडले होते.

"बाई, लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असताना मी कधी घरी गेलो नाही," आजोबा म्हणायचे. "आणि इथं अख्खं जहाज अडकलंय हो!"

तेव्हापासून दर परिषदेनंतर ते काउंटरवर हजर. "काय ठरलं परिषदेत?" या प्रश्नाला बाईंकडे कधीच उत्तर नसे. गेले काही महिने आजोबांचं येणं थांबलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांची सून पुस्तकं परत द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली होती, "बाबांचं हल्ली काही खरं नाही. या वेळी मिळालं तर बघाच." बाई दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. पुढच्या परिषदेला त्या नव्हत्याच.

रांग सोडून बाई सरळ परिषदेच्या सचिवांच्या टेबलापाशी गेल्या.

"हे काय आहे?"

"कुपन आहे, बाई. जेवून घ्या ना, गरम आहे."

"मागच्या बाजूला काय आहे?"

सचिवांनी कुपन लांब धरून पाहिलं. "हां, ते होय! जुने फॉर्म पडून होते. पाठकोरे कागद वाया कशाला घालवायचे? कापून घेतले."

"कापायच्या आधी वाचले होते?"

"अहो, दर वर्षी दोनशे फॉर्म येतात. वाचायला वेळ कुणाला असतो?"

"ग्रंथपालांच्या संघटनेचे सचिव तुम्ही," बाई म्हणाल्या, "आणि वाचायला वेळ नाही म्हणता? हे बाहेर कुणाला सांगू नका."

शेजारचे दोघं-तिघं हसले. सचिवांनी समजुतीचा सूर लावला. "रागावू नका हो. तुमची सूचना चांगलीच असणार. असं करा, लेखी द्या."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांचं लेखी त्या चिमटीत धरून उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी आवाज चढवला नव्हता, ग्रंथालयात तशी पद्धतच नसते. आज मात्र त्या रांगेकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापली कुपनं उलटी करून बघा!"

रांगेत खसखस पिकली, मग एकेक जण वाचू लागला. 'माईक एक तास बंद ठेवावा,' कुणीतरी वाचलं. 'नवीन लोकांना बोलू' एवढंच दुसऱ्याच्या वाट्याला आलं होतं. एक तरुण ग्रंथपाल कुपनाकडे बघतच राहिली. "हे माझंय," ती म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच लिहिते."

बाईंनी पिशवीतून नाही-वही काढली. ताटांच्या चळतीशेजारी उभं राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली, तारीख, मागणी, तारीख, मागणी. भूक लागलेली माणसं आधी चुळबुळली. चौथ्या मागणीला कोपऱ्यातून आवाज आला, "ते आमच्याकडं आहे, दोन प्रती." मग कुणी पेन काढलं. सातवी मागणी खलाशाची होती.

"थांबा, थांबा." कारखान्याच्या ग्रंथालयाचे जाडजूड ग्रंथपाल ताट हातात घेऊन पुढे आले. "बर्फातलं जहाज ना? दुसरा भाग? निळा कापडी पुठ्ठा?"

बाईंनी जोरात मान हलवली.

"अहो, आहे की! आमच्याकडं पहिला भागच नाही, म्हणून दुसरा कुणी नेत नाही. बारा वर्षं एकाच जागी आहे. उद्या घेऊन येतो."

"तुम्ही परिषदेला दर वर्षी येता?"

"न चुकता. दुसऱ्या रांगेत असतो."

बाई पाचव्या रांगेत बसत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मध्ये फक्त दोन रांगा होत्या, आणि त्या दोन रांगा ओलांडायला या परिषदेने नऊ वर्षं कुणाला उठूच दिलं नव्हतं. शांत बसा, पाहुणे बोलताहेत! बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. त्यांनी पान उलटलं आणि आठवी मागणी आणखी मोठ्याने वाचली.

दुपारच्या भाषणाचा विषय होता 'वाचक हाच केंद्रबिंदू'. हॉलमध्ये जेमतेम तीस माणसं होती. बाकीची जेवणाच्या टेबलांवर वह्या, डायऱ्या, कागदाचे कपटे पसरून एकमेकांवर ओरडत होती.

सचिव धावत आले. "बाई, हॉल रिकामा दिसतोय. फोटो कसा काढायचा?"

"इथला काढा," बाई म्हणाल्या. "आणि पुस्तकं मागितली जाताहेत, तेवढं खाली लिहा."

दुसऱ्या दिवशी निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक हातात पडलं. निघताना बाईंनी फॉर्म भरला, तोही दोन्ही बाजूंनी, समासासकट, कापून वापरायला बोटभर कोरी जागा उरणार नाही असा. मग घरी न जाता त्या थेट आजोबांकडे गेल्या.

सुनेनं दार उघडलं. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, दाढी नीट केलेली, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली.

"बाबा, ग्रंथालयातल्या बाई आल्यात."

आजोबांचा चेहरा उजळला. "या, या. काय ठरलं परिषदेत?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा बाईंकडे उत्तर होतं. त्यांनी ते आजोबांच्या हातात ठेवलं. आजोबांनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला, पुस्तक उघडलं, डोळ्यांजवळ नेलं.

"दुसरा भाग," त्यांनी वाचलं. "कशाचा?"

"खलाशाचा, आजोबा. ते बर्फात अडकलेलं जहाज. बत्तीस माणसं."

"जहाज?" आजोबांनी आठवून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाहुणीचं मन मोडू नये अशा बेताने म्हणाले, "छान असेल. पण हा दुसरा म्हणताय ना? मग पहिला कुठाय? असं मधूनच कसं सुरू करायचं?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "दीडेक महिना झाला असंच चाललंय," ती पुटपुटली.

दीड महिना. गेल्या परिषदेच्या वेळी आजोबांना त्या बत्तीस माणसांपैकी कोण आजारी होतं तेसुद्धा पाठ होतं. त्याच्या आदल्या परिषदेलाही, आणि त्याच्याही आदल्या. बाईंना कुणाला तरी गदागदा हलवून हे सांगावंसं वाटलं. समोर फक्त आजोबा होते.

"पहिला भाग आमच्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. "उद्या आणते."

"आत्ता जवळ नाही?"

"आत्ता नाही."

"मग वहीत लिहा," आजोबा म्हणाले. "तुम्ही लिहून ठेवता ना, बाई. तेवढं बरं वाटतं."

बाईंनी पिशवीतून वही काढली. नवीन ओळीवर तारीख घातली, आजोबांचं नाव लिहिलं आणि पुढे, नेहमीच्याच ठसठशीत अक्षरात, 'पहिला भाग' असं लिहिलं. आजोबा खुर्चीतून वाकून बघत होते. दुसरा भाग त्यांच्या मांडीवर मिटून पडला होता.

"लिहिलंत?"

"लिहिलं, आजोबा."