पाचव्या कार्डाची मागची बाजू

चष्मेवाल्याला सगळे चिमटा म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. जुनं पोस्टकार्ड असो की चित्र छापलेलं पाकीट, उघड्या बोटांनी त्याने ते कधी धरलं नाही. बोटांना घाम असतो, घामात तेल असतं आणि तेल कागदाला खातं, असं तो येईल त्याला सांगे. बायको म्हणायची, लग्नात माझा हात तेवढा यांनी हाताने धरला, तोही त्या दिवशी चिमटा घरी विसरले होते म्हणून.

दिवसभर दुकानात भिंगं घासायची, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या खोलीत दार लावून बसायचं, हा त्याचा नेम. त्या खोलीत सगळा माल लढाईच्या काळातला. झेंडा धरलेली बाई, तोफेमागून उगवणारा सूर्य, मुठी आवळलेले कामगार, पाळण्यातून सलाम ठोकणारं बाळ. त्या दिवसांत छापखान्यांनी देशभक्तीचा असा काही सपाटा लावला होता, की घरी साधं 'खुशाल आहे' कळवायचं तरी वर सिंह गर्जत असायचा.

या सगळ्यात एका संचावर त्याचा जीव जडला होता. बारा कार्डांचा संच. अकरा त्याच्याकडे होती, सगळी कोरी, छापखान्यातून काल आल्यासारखी. पाचवं नव्हतं. पाचव्यावर एक पूल होता, पुलावर बंदूक घेतलेला पहारेकरी होता आणि खाली ओळ होती, 'आम्ही जागे आहोत, तुम्ही निजा.' ते कार्ड छापून झालं आणि आठवड्याच्या आत शत्रूने नेमका तोच पूल उडवला. सरकारने लाजेकाजेस्तव कार्डं परत मागवून जाळून टाकली. जी थोडी आधीच विकली गेली होती तेवढीच काय ती जगली.

त्यातलं एक त्याच्या घरातच होतं. म्हणजे घरात नव्हे, वहिनीकडे.

चष्मेवाल्याचा थोरला भाऊ त्या लढाईत मारला गेला. जाण्याआधी त्याने बायकोला एकच कार्ड पाठवलं. छावणीतल्या दुकानात जे मिळालं ते घेतलं असणार, चित्र बघायला त्याला सवड कुठली. मागच्या बाजूला आठ ओळी लिहिल्या होत्या. कार्ड आलं त्याच महिन्यात तारही आली. चष्मेवाला तेव्हा शाळकरी पोर होता. वहिनीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पुढे माहेरच्यांनी तिला पुष्कळ समजावलं, पण तिने दुसरं घर केलं नाही. धोब्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली, शिलाईचं यंत्र मांडलं आणि लोकांच्या बाह्या आखूड करण्यात, पँटच्या चेनी बदलण्यात उभं आयुष्य काढलं. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची. म्हणून ते कार्ड कपाटावर, पत्र्याच्या डब्यात, तेही कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन झालं की डबा उतरवायचा आणि आठही ओळी मोठ्याने वाचायच्या. वाचायच्या म्हणजे, जवळजवळ गायच्याच. ध्रुपदाकडे पुन्हा पुन्हा यावं तसा वहिनींचा दिवस त्या ओळींकडे यायचा आणि तिथून पुढे सरकायचा.

अलीकडे वहिनी विसरू लागल्या होत्या. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान साखरेच्या बरणीत सापडायचं. एकाच गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यायच्या. आपल्याला काय होतंय ते त्यांना कळत होतं. जाऊबाईंना, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोला, त्यांनी एकदा सांगितलं होतं की बाकी काय जाईल ते जाऊ दे, एवढ्या आठ ओळी सकाळी डोळ्यांखालून गेल्या की मी कोण ते मला पुन्हा ठाऊक होतं.

चष्मेवाला ते कार्ड कितीतरी वर्षं मागत होता. विकत मागितलं, बदल्यात नवं यंत्र देतो म्हणाला, रुसून बघितलं. वहिनी हसून विषय बदलायच्या. मग त्या वर्षी लढाईच्या विजयाचा मोठा वर्धापनदिन आला. नगरपालिकेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि त्यातला सर्वांत चांगला संच राजधानीतल्या प्रदर्शनात जाणार होता. नगरपालिकेचा अधिकारी स्वतः दुकानात येऊन म्हणाला, तुमची अकरा उत्तम आहेत, पण अकराला संच कोण म्हणतं?

तेवढं वाक्य चष्मेवाल्याच्या काळजात रुतून बसलं. तो वहिनीकडे गेला आणि या वेळी वेगळाच सूर लावला. दादाचं नाव कार्डाखाली लिहून लावू, म्हणाला. सगळं गाव त्याच्यापुढे उभं राहील. आपण त्याच्यासाठी दुसरं काय केलंय?

दादाचं नाव ऐकून वहिनी विरघळल्या. डबा उतरवला, फडकं सोडलं.

"तीन दिवस," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी सकाळी मला हवं. आणि भाऊजी, पाण्यापासून जपा. थेंबसुद्धा लागू देऊ नका."

तो हसला. माशाला पोहायला शिकवावं तसं त्याला वाटलं. चाळीस वर्षं कागदात घालवलेल्या माणसाला एक शिवणकाम करणारी बाई कागद जपायला सांगत होती.

कार्ड एक रात्र त्याच्या घरी होतं. पहारेकऱ्याच्या टोपीपासून पुलाच्या शेवटच्या कठड्यापर्यंत त्याने भिंगातून ते बघितलं, कडा मोजल्या, रंगांचे ठिपके तपासले. उलटं करून शिक्का ठळक आहे, कडांवर डाग नाहीत, लिहिलंय ते पेन्सिलीने आहे, एवढी ओझरती खात्री करून पुन्हा सुलटं केलं. ते टेबलावर असताना बायको आली आणि पलंगाच्या काठावर बसून, दोन्ही हातांत धरून ती मागची बाजू वाचत राहिली. तो तिच्या बोटांवरून तिच्यावर खेकसला.

प्रदर्शन झकास झालं. फीत कापली, भाषणं झाली, शाळेच्या रांगा येऊन गेल्या. चष्मेवाल्याने सजावटवाल्याला स्वतः कागदी कोपरे करून दिले होते, कार्डाचे चारही कोन त्यात अडकवायचे आणि कार्डाला काहीही लावायचं नाही, असं दहादा बजावलं होतं. बाराही कार्डं एका ओळीत, पुठ्ठ्याच्या एका पाटीवर. लोक पाचव्यापाशी थांबत, दादाचं नाव वाचत, मान हलवत. संच राजधानीला जायचं पक्कं झालं, तसं पत्र त्याच्या खिशात आलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कार्डं काढायला गेला आणि पहिल्याच कार्डाच्या कोपऱ्याखाली चिमटा सरकेना.

पंख्याच्या वाऱ्याने कोपरे सुटत होते म्हणून सजावटवाल्याने सगळ्यांना मागून गोंद फासला होता. भरपूर, कडेपर्यंत.

अधिकाऱ्याला त्यात काही बिघडलं असं वाटलं नाही. उडून हरवण्यापेक्षा बरं ना, म्हणाला, आणि तसंही मागच्या बाजूला कोण बघतं?

चष्मेवाल्याने त्याला नाही नाही ते सुनावलं. पाटी छातीशी धरून तो घरी आला. तोवर तो खरोखर कुणाच्याही बाजूने बघा, अन्याय झालेला माणूस होता. पुढचं मात्र त्याचं त्याने केलं.

दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्याला पाठ होत्या. एक कोरडी. कार्ड पालथं ठेवायचं आणि मागचा पुठ्ठा पात्याने पापुद्रा पापुद्रा खरवडत गोंदापर्यंत पोचायचं. त्याला महिना लागला असता आणि इतके दिवस पालथ्या दाबून ठेवलेल्या चित्राला कुठेतरी बारीक तडे गेलेच असते. दुसरी वाट पाण्याची. जुनी तिकिटं पाकिटावरून सोडवतात तशी. कोमट पाण्यात ठेवायचं, गोंद विरघळतो, कार्ड आपणहून सुटतं, छापील रंगाला धक्का लागत नाही. शाईने लिहिलेलं असेल तर धोका. पेन्सिलीला पाणी काही करत नाही, हे या छंदातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्याने पुठ्ठा कापून बारा तुकडे केले. आधी आपली अकरा सोडवली. एकेक कार्ड तळव्यावर यावं तसं वर आलं, स्वच्छ. त्याच्या जिवात जीव आला. दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, हे शेवटचं आधी वहिनींना विचारून करा. पाणी नको म्हणाल्या होत्या ना त्या?

"त्यांना काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला, आणि पाचवं कार्ड ताटातल्या कोमट पाण्यात सोडलं.

थोड्या वेळाने पाण्यात जांभळा धूर उठला. आधी त्याला वाटलं पुठ्ठ्याचाच रंग सुटतोय. मग तो धूर दाट झाला, ताटभर पसरला, आणि त्याला कळलं. सैनिकांना तेव्हा शाईची पेन्सिल मिळायची. कोरडी असते तोवर शिशासारखी करडी दिसते. ओल लागली की जांभळी होऊन वाहते. मागची बाजूही भिंगातून बघितली असती तर एका नजरेत ओळखलं असतं त्याने. गावातली सगळी भिंगं त्याच्या दुकानात होती.

त्याने चिमट्याने कार्ड झटकन उचललं. देव त्याला क्षमा करो, पण त्या क्षणीही त्याने आधी चित्र बघितलं. पूल शाबूत होता. पहारेकऱ्याच्या बटणावरची चमकसुद्धा शाबूत होती. मग त्याने ते उलटलं. तिथे एक मोठा जांभळा डाग होता आणि डागात दोनचार वेलांट्या, कुठल्या शब्दाच्या ते सांगता येऊ नये अशा.

चौथ्या दिवशी सकाळी नवराबायको दोघं वहिनीच्या खोलीवर गेली. त्या तयार बसल्या होत्या. यंत्रावर झाकण घातलेलं, डबा मांडीवर, फडक्याची घडी शेजारी. तीन सकाळी कार्डाविना गेल्या होत्या, आणि त्याचा शीण त्यांच्या तोंडावर दिसत होता. चष्मेवाल्याने रस्ताभर जुळवलेलं सगळं भाषण, सजावटवाला, पंखा, गोंद, अधिकारी, घडाघडा म्हटलं. पाण्याबद्दल मात्र त्याने, पाण्यात ठेवावं लागलं, असं म्हटलं. जणू त्याचा हात कुणीतरी धरून पाण्यात घातला होता.

वहिनींनी कार्ड हातात घेतलं, उलटलं. मग अंगठा त्या जांभळ्या डागावरून हळूहळू फिरवला, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. ओळी जिथे होत्या तिथूनच.

"तार आली त्या दिवशी तिसऱ्या ओळीवर माझ्या डोळ्यांतलं पडलं होतं," त्या म्हणाल्या. "एक शब्द जांभळा झाला होता. तेव्हापासून पाण्याजवळ नेलं नाही मी हे."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरी म्हटली. चौथ्या ओळीला त्या अडल्या. मागे जाऊन पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडल्या. डोळे उघडून त्यांनी दिराकडे बघितलं.

"भाऊजी, पुढे काय आहे? तुमच्या घरी होतं ना ते. तुम्ही वाचलंच असेल."

हा छापखाना कोणता, कागद कुठल्या गिरणीचा, शिक्का कुठल्या लष्करी टपालाचा, सगळं त्याच्या जिभेवर होतं. सख्ख्या भावाने मरणाआधी लिहिलेल्या आठ ओळींतला एक शब्द त्याला सांगता येईना. त्याने खाली बघितलं. खालून इस्त्रीची वाफ येतच होती.

तेव्हा बायको पुढे झाली आणि वहिनींच्या जवळ बसली. मी वाचलं होतं एकदा, म्हणाली. सगळं नाही सांगता येणार, पण छपराचं काहीतरी होतं ना? वहिनींचा चेहरा जरासा हलला. हो, छपराचं, म्हणाल्या. त्यांनी चष्मेवाल्याकडे वळून, भाऊजी, तुम्हाला दुकान उघडायचं असेल, असं अगदी साध्या आवाजात म्हटलं. कार्ड त्याच्या हातात दिलं. राजधानीला पाठवा, म्हणाल्या, मला आता त्याचा काय उपयोग.

त्याने ते घेतलं. घ्यायला नको होतं हे त्याला जिना उतरताना कळलं, पण परत वर गेला नाही.

संच राजधानीला गेला, नावाजला गेला, काचेच्या पेटीत बसला. बायको मात्र रोज दुपारी वहिनीकडे जाऊ लागली. दोघी बसून ओळी जुळवत. एके रात्री जेवताना त्याने तिला विचारलं, दादाने काय लिहिलं होतं? तिने भात वाढला, पाणी ओतलं, आणि सांगितलं की ते ज्यांना लिहिलंय त्यांनाच विचारा.

म्हणून एका दुपारी दुकान लवकर बंद करून तो गेला. जिन्यातच दोघींचे आवाज ऐकू आले. एक अडखळत होती, दुसरी शब्द पुरवत होती, मग दोघी मिळून तोच तुकडा म्हणत होत्या, चालीवर बसवल्यासारखा. शब्द स्पष्ट येत नव्हते. तो दोन पायऱ्या चढला. लाकूड करकरलं आणि आतला आवाज थांबला.

"या भाऊजी," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. त्याला बसायला यंत्रापुढची खुर्ची दिली, पाणी दिलं, राजधानीत किती लोक बघायला आले ते विचारलं. तो सांगत राहिला. बायको खिडकीबाहेर बघत होती. त्याने दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वहिनींनी मायेने पुढचा प्रश्न विचारला. शेवटी तो उठला. खाली रस्त्यावर येऊन धोब्याच्या दुकानापाशी थोडा वेळ उभा राहिला. वर पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, पण सोबत सुरू झालेल्या शिलाईच्या यंत्राच्या आवाजात त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.